आडवं पडून निवडलेला मॉनिटर

दुकानाच्या मधोमध मी फरशीवर आडवी झाले, तसा तो विक्रेता धावतच आला.

"मॅडम! चक्कर आली का? पाणी आणू?"

"काही झालं नाहीय. तो मॉनिटर जरा माझ्या तोंडावर धरा."

"तोंडावर...?"

"वरून हो! मला खालून बघायचंय."

त्यानं मुकाट्यानं धरला. दंड थरथरत होते बिचाऱ्याचे. पडद्यावर एक बाई हसत होती. खालून ती काळीनिळी दिसली, मढ्यासारखी.

"हा नको. दुसरा दाखवा."

"कोणासाठी घ्यायचाय?"

"भावासाठी," मी ठोकून दिलं. "मणक्याचं ऑपरेशन आहे त्याचं. पुढं उठून बसता येईल, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. सिनेमांची सबटायटल्स लिहितो. पडल्या पडल्या काम जमायला हवं."

मला भाऊबिऊ नाही. ऑपरेशन माझंच होतं, येत्या सोमवारी. पण कीव करणाऱ्या नजरांचा मला वीट आला होता. निदान एका अनोळखी माणसानं तरी मला नुसती तऱ्हेवाईक पोरगी समजावं... एवढंच हवं होतं.

त्यानं दुसरा मॉनिटर भिंतीवरच्या स्टँडला अडकवला, खाली वळवला आणि चक्क माझ्या शेजारी येऊन आडवा झाला. गिऱ्हाइकं आम्हाला वळसा घालून जायला लागली.

"इतकी वर्षं विकतोय, पण खालून कधी बघितलंच नाही हो."

"बघून घ्या. फुकट आहे."

तो हसला. त्याच्या शर्टाला नव्या खोक्यांचा वास येत होता. कोपर माझ्या कोपराला लागलं... त्यानं काढलं नाही, मीही नाही.

"हा चकचकीतच घ्या. रंग बघा कसे खुलतात!"

"नको. बंद केला की त्याचा आरसा होतो. दिवसभर स्वतःचं तोंड बघत पडायचं नाहीय त्याला."

"का? तुमच्यासारखं असेल तर..." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... भाऊ बहिणीसारखाच दिसतो ना..."

"धाडस आहे की तुमच्यात!" मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. आडवी होते, म्हणून पाणी सरळ कानात गेलं.

बिनचकाकीचा ठरला. "बसवायला मीच येतो," तो म्हणाला. "भावालाही भेटेन."

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचली. "टोचताय ना?" मी विचारलं. डॉक्टरांनी टाचणी ट्रेमध्ये ठेवली आणि पायावर पांघरूण ओढलं.

तो घरी आला तेव्हा आईनं दार उघडलं.

"तुमचे चिरंजीव कुठल्या खोलीत आहेत?"

"चिरंजीव कुठले? मला एकच लेक आहे."

पांघरूण तोंडावर ओढावंसं वाटलं. तो खोलीच्या दारात येऊन थबकला, नुसता बघत राहिला.

"खोटारडी," तो हळूच म्हणाला आणि ड्रिल काढलं. काम संपेपर्यंत त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. मनात म्हटलं, संपलं. आता पावती देईल नि जाईल.

तो मात्र पलंगाशेजारी फरशीवर आडवा झाला.

"इथून नीट दिसत नाहीय."

"मग माझ्या इथून बघा ना..."

आई स्वयंपाकघरात होती. तो उठला, पलंगाच्या कडेला बसला आणि त्यानं माझ्या उशीच्या कोपऱ्यावर डोकं टेकलं. वर पडदा अजून बंदच होता. करडा, मुका. त्यात कोणीच दिसत नव्हतं.

"चकचकीतच घ्यायला हवा होता," मी म्हटलं. "आत्ता दोघं दिसलो असतो."

"बदलून आणू?"

"मी आता उठणार नाहीय. कधीच नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय." त्याचा आवाज फाटला. "भीती वाटतेय मला. पण त्या दिवसापासून दुकानात रोज आडवा पडून बघतो. सगळे वेडा म्हणतात... शेजारी तू नसलीस की एकही मॉनिटर बरा दिसत नाही गं."

मी त्या करड्या पडद्याकडेच बघत राहिले.

"मान वळते तुझी?" त्यानं विचारलं.

"तेवढीच वळते."

"मग आरसा कशाला हवाय? वळव की इकडे."

मी वळवली.