मन लागत नाही

शाळेच्या व्हरांड्यात ती वळली आणि थेट त्याच्या खांद्यावरच्या फळीला धडकली. हातातले फॉर्म लाकडाच्या भुशात विखुरले.

"कागदात डोकं घालून चालता वाटतं?" सुतार हसला आणि वाकून एकेक फॉर्म झटकून देऊ लागला.

ती समाजशास्त्र शिकत होती. सातवीनंतर मुली शाळा का सोडतात, हे शोधायला इथे आली होती. मोठ्या बाईंनी एका वाक्यात निकाल लावला होता... "आळशी आहेत, दुसरं काय!" तीस घरं फिरून झाली, सगळीकडे आयांचं एकच उत्तर, 'पोरीचं मन लागत नाही.'

"तुम्हाला काय वाटतं?" तिने सहज विचारलं.

त्याचा हात थांबला. "मला असलं कोणी विचारत नाही..." मग हळूच म्हणाला, "माझी बहीण याच शाळेत होती. हुशार! आठवीत घरी बसली. आम्ही तिलाच बोल लावत राहिलो. परवा बाकं दुरुस्त करायला आलो, तेव्हा मागे गेलो. मुलींच्या संडासाच्या एकाही दाराला आतून कडी नाही. वयात आलेली पोर अख्खा दिवस कसा काढेल इथे?"

तिने हातातले फॉर्म पुन्हा चाळले. तीस घरं आपापल्या लेकीला दोष देत बसली होती, आणि कारण सगळ्यांचं एकच होतं!

कड्यांचं सांगितल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "वरून मंजुरी यायला वर्ष जाईल." तो मात्र दुसऱ्याच दिवशी कड्या घेऊन आला. ती स्क्रू हातात धरून शेजारी उभी.

"कडीकडे बघा, माझ्याकडे नको," ती म्हणाली.

"कडी काय, आंधळासुद्धा बसवेल." तो हसला, मग गंभीर झाला. "पण मी एकटा किती शाळांना पुरणार? हे कारण तुम्ही लिहा. नीट लिहा."

"लिहिणार. बहिणीचंही लिहू?"

"तिला विचारून."

शेवटची कडी बसली. तो उगाच ती उघडत, लावत राहिला.

"एक विचारू?... तुम्ही इतक्या शिकलेल्या, मी सुतार. तुमच्या घरी आलो... म्हणजे रीतसर, तर लोक काय म्हणतील?"

"लोक तसं का म्हणतात, तोच तर माझा विषय आहे," ती म्हणाली. "रविवारी या. आई घरी असते."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बहिणीला आणू सोबत?"

"आणाच," ती म्हणाली.