सुप्रभाची फणी

सुप्रभामावशी उन्हाळ्यातही डोक्याला स्कार्फ का बांधते, विचारत होतीस ना वरदा? चहा संपव, सांगतो. आर्यन, तो फोन ठेव.

मावशीचा नवरा, आपला डॉक्टर गिरीश, २००७च्या फेब्रुवारीत कॉन्फरन्सला क्योटोला गेला होता. हिनं एकच काम सांगितलेलं: तिथली लाकडी फणी आण. तेव्हा हिचे केस गुडघ्यापर्यंत, आणि त्यांचा तोरा केवढा!

तेरामाची म्हणून तिथं जुना बाजार आहे. लांबलचक गल्ली, वर छप्पर. एका टीचभर दुकानात म्हातारी फण्या करत बसलेली. यानं कागदावर ‘सुप्रभा’ लिहून दिलं, अस्संच कोरा म्हणाला. आता दुकानातून निघताना आपण काय म्हणतो? आर्यन, ‘बाय’ नको, मराठीत... हां, ‘येतो’. ‘जातो’ कोण म्हणेल?

पण या शहाण्यानं पुण्यात जॅपनीजचे क्लास केलेले. तिला म्हणाला, ‘किमास.’ म्हणजे येतो; पण तिथं त्याचा अर्थ खरंच परत येतो, असाच होतो. तिनं विचारलं, ‘आजच?’ हा म्हणाला, ‘हो हो.’ आणि गेला डिनरला. सकाळी फ्लाइट. फणी राहिली.

पुढे तिथल्या एका डॉक्टरची मेल आली. म्हातारी त्या रात्री शटर वर ठेवून वाट बघत बसली होती. बाहेर बर्फ. सकाळी तशीच सापडली... बसलेली.

गिरीशनं घरी अवाक्षर काढलं नाही. मला अजून राग येतो त्याचा.

मग ऑक्टोबर. विलायतेत रात्री दोनला घड्याळं तासभर मागं जातात, ती रात्र. स्टॅनमोरचं घर, सुप्रभा वर झोपलेली. दीड वाजता बेल वाजली. दारात कुणी नाही.

घड्याळ मागं गेलं. पुन्हा दीड वाजला.

पुन्हा बेल.

या वेळी होती. केसांवर बर्फ. अरे, स्टॅनमोरला बर्फ नव्हता त्या रात्री!

गिरीश म्हणाला, ‘माफ करा... मी...’

ती त्याच्याकडे बघतच नव्हती. जिन्याकडे बघत होती.

यानं दार लोटलं. चेन लावली.

आणि वरून आवाज. फणी फिरल्याचा.

सर्र... सर्र...

‘सुप्रभा?’

वर धावला. सुप्रभा झोपलेली. श्वास चालू. पण डोक्यावर... एक केस नाही. उशीवर नाही, गादीवर नाही. कुठंच नाही. पुन्हा कधी आलेही नाहीत.

उशाशी फणी होती. ओली, गार. एका बाजूला ‘सुप्रभा’, गिरीशच्या अक्षरात. त्यानं उलटून पाहिली. मागंही त्याचंच अक्षर. पण हा शब्द त्यानं कधी लिहून दिलाच नव्हता.

‘येते.’