कडू लागणाऱ्यांना चार प्रश्न

नमुना ८२.

हिंजवडीला निघालेली कंपनीची बस वाकडपुढे ट्रॅफिकमध्ये रुतली, आणि जीवशास्त्र शिकणाऱ्या कादंबरीला हुरूपच आला! लोक उतरून जाणार कुठे? पुण्याबाहेरून येऊन राहिलेल्या शंभर जणांच्या जिभा तिला हव्या होत्या. कॉलेजचं प्रोजेक्ट आजच द्यायचं होतं.

"ही पट्टी जिभेवर ठेवा. काहींना कडू लागते, काहींना नाहीच. जन्मानंच ठरतं ते."

खिडकीजवळच्या, अकोल्याहून यंदाच नोकरीला आलेल्या शंभूनं पट्टी ठेवली आणि कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं.

"कडू! भयंकर कडू!"

"कमाल आहे. हा साधा कागद होता. थापा ओळखायला आधी तोच देते मी."

अख्खी बस हसली. तिनं ८२ वर काट मारली.

काट मारलेली जागा.

"मॅडम, पण याचं करता काय तुम्ही?" मागून त्याचाच आवाज.

"मोजते. जुन्या पुण्यात कडू न लागणारे किती, बाहेरून आलेल्यांत किती. लोक येतात, राहतात, इथेच लग्नं करतात... पिढीगणिक प्रमाण जरा सरकतं. उत्क्रांती एवढीशीसुद्धा असते."

"आत्ताही चालू आहे?"

"बस बंद आहे. ती चालू आहे."

तो हसला. तिला हसायचं नव्हतं, तरी—

९७. ९८. ९९. १००.

बस संपली. रिकामा फक्त ८२.

पुन्हा ८२.

"या वेळी खरं बोलाल?"

"हो जी."

त्यानं डोळे मिटले. साधी पट्टी. "काहीच नाही." मग कडू औषध लावलेली. तिनं श्वास रोखला...

"काहीच नाही."

"मग मघाशी?"

त्याचे कान लाल झाले. "ज्यांना कडू लागत नाही, त्यांना सोडून तुम्ही लगेच पुढे जाता. ज्यांना लागतं, त्यांच्या शेजारी बसून चार प्रश्न विचारता. मला ते चार... हवे होते."

'लागत नाही,' तिनं लिहिलं. शंभर पूर्ण! नियमानं आता पुढे जायचं.

बस हलली. कादंबरी त्याच्या शेजारी बसली.

"प्रश्न पहिला. अकोल्याला परत जाणार, की पुण्यातच राहणार?"

"हा तुमच्या फॉर्मवर आहे?"

"नाही."

"मग... राहतो."

उरलेले तीन तिला अजून सुचायचे होते.