गाठ सगळ्यांना ठाऊक होती

बटाटे सोलता सोलता शेजारच्या गाळ्यावरची सेवेरिना सहज बोलून गेली, "अगं तोमासा, तुझ्या छातीतल्या त्या गाठीचं पुढे काय केलं गं नोएमीनं?"

"कसली गाठ?" तोमासाच्या हातातली सुरी थांबली. सेवेरिनाचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहिला, आणि तिला सगळं कळून चुकलं...

तीन महिन्यांपूर्वी, कार्निव्हालच्या आधी, खोकला हटत नाही म्हणून तोमासाच्या छातीचा सीटी स्कॅन झाला होता. फुप्फुसं स्वच्छ आहेत, असं लेकीनं, नोएमीनं, बाहेर येऊन सांगितलं आणि त्या आनंदात तोमासानं बाजारातल्या शेजारणींना आपल्या गाळ्यावरचं शेंगदाण्याचं सूप फुकट पाजलं! डॉक्टर तिच्याशी बोललेच नव्हते. वडीलधाऱ्यांचं दुखणं आधी घरच्यांच्या कानावर घालायचं, ही कोचाबाम्बाकडची रीतच. त्यांनी नोएमीला दाराआड नेऊन सांगितलं होतं, की फुप्फुसांसोबत डाव्या स्तनातली एक गाठही दिसली आहे, ती कसली हे या तपासणीत कळत नाही, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी लवकर करून घ्या. नोएमीनं ते नवऱ्याला सांगितलं, चिलीतल्या भावाला कळवलं, सेवेरिनापाशी मन मोकळं केलं. जिची छाती, तिला तेवढं सांगितलं नाही.

आणि तोमासाला एकेक आठवत गेलं... वर्षातून दोनदा फोन करणारा चिलीतला लेक ग्रोवेर हल्ली रोज आवाज ऐकायला फोन करी, जावई मांसाचा मोठा तुकडा तिच्या ताटात सरकवी, नोएमी जड पातेल्याला हात लावू देत नसे. अखेर लेकरांना आईची किंमत कळली, म्हणून ती चर्चमध्ये मरियामातेपुढे मेणबत्तीही लावून आली होती. ती माया नव्हतीच, नुसती कीव होती! ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर उकळत्या पातेल्यांपाशी जन्म जाळून जिनं यांना वाढवलं, तिलाच यांनी परकं केलं होतं.

घरी आल्यावर तिनं लेकीला एवढंच विचारलं, "का लपवलंस?"

"कार्निव्हाल होऊ दे म्हटलं, मग ईस्टर होऊ दे म्हटलं..." नोएमीला हुंदका आवरेना. "बाबांना त्यांचं दुखणं सांगितलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आई. घास तोंडात घेतला नाही पुन्हा. तूही तसंच केलंस तर?"

"मी तुझा बाप नाही. तू माझे दिवस खाल्लेस, नोएमी."

दुसऱ्याच दिवशी ती एकटी तपासणीला निघाली. नोएमी मागोमाग आली, तर तोमासानं वळूनही पाहिलं नाही. दोन्ही तपासण्या झाल्या, सुई घालून गाठीचा तुकडा काढला, तरी बाकावर तोमासा लेकीकडे पाठ करूनच बसली.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी सवयीनं नोएमीला बाहेर यायची खूण केली. ती उठली नाही.

"आई इथे बसली आहे. तिलाच सांगा," ती म्हणाली.

डॉक्टर खुर्ची ओढून तोमासासमोर बसले. कर्करोग होता. काखेत पसरलेला दिसत नव्हता, शस्त्रक्रिया लगेच करायला हवी होती. कार्निव्हालच्या वेळी आले असते तर काही वेगळं झालं असतं का, असं तोमासानं विचारलं, तेव्हा ते खात्रीनं काही सांगू शकले नाहीत.

ओठ घट्ट दाबून नोएमी दाराकडे धावली. तोमासानं तिचा दंड धरून तिला मागे खेचलं आणि त्या विश्वासघातकी लेकीचं डोकं आपल्या छातीशी घेतलं.

"बाहेर जाऊन रडायचं नाही आता," ती म्हणाली. "माझ्यासमोर रड."