भाऊजींचा होकार

शनिवारी सकाळी साडेअकराला ताईचा फोन आला. "काँप्युटर बोलायचा थांबलाय," ती म्हणाली. "आणि चार वाजता सर्जनबाई यायच्यात. तू आत्ताच्या आत्ता निघ."

मी घरोघरी जाऊन काँप्युटर दुरुस्त करतो. बावीस वर्षं हेच काम. गिऱ्हाईक घाबरलेलं दिसलं की मला जरा चेवच चढतो, आणि इथे तर सख्खी बहीण. "बंद करून चालू केलास का?" मी विचारलं.

"चारदा. मला शिकवू नकोस."

भाऊजी तीस वर्षं बस डेपोत गाड्यांच्या घोषणा करायचे. खणखणीत आवाज. ताईने लग्नाआधी त्यांना पाहिलं नव्हतं, पण रोज ऐकलं होतं. मागच्या वर्षी डोक्यात वाटाण्याएवढी गाठ निघाली आणि वाचा गेली, पाठोपाठ उजवा हात गेला. मान हलवायचे, पण हो म्हणायला गेले तरी आडवी हलायची. मग मी त्यांच्या काँप्युटरवर एक जुना प्रोग्रॅम घातला. डाव्या हाताच्या एका बोटाने टाईप करायचं, शेवटचं बटण दाबलं की तो मोठ्याने वाचून दाखवायचा. बटणांवर मराठी अक्षरांचे कागद मीच चिकटवले होते. वर्षभर ते असेच बोलत होते.

मी पोचलो तेव्हा भाऊजी टेबलाशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. पडद्यावर एकच ओळ होती: अमुक नावाची लायब्ररी फाईल सापडत नाही, प्रोग्रॅम सुरू करता येत नाही.

"म्हणजे काय रे?" ताईने विचारलं.

"म्हणजे स्वयंपाक तयार आहे, पण ज्या डब्यात मीठ असतं तो डबाच कुणीतरी नेलाय."

"कुणी नेला?"

"कुणी नाही गं. एखादं अपडेट आलं असेल, जाता जाता पुसून गेलं असेल."

सरळ उपाय म्हणजे प्रोग्रॅम काढून पुन्हा घालणं. पण तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि सीडीला तडा गेला होता. "नुसतं टाईप करून बाईंना पडदा दाखवला तर?" मी म्हटलं.

"मी सुचवून पाहिलं," ताई म्हणाली. "ह्यांनी कीबोर्ड ढकलून दिला. बोलणार म्हणजे बोलणार."

हा निर्णय साधा नव्हता. गाठ काढली नाही तर तीन-चार महिने, असं सर्जनबाईंनी सांगितलं होतं. काढली तर वाचा परत येईलही, किंवा भाऊजी ऑपरेशनच्या टेबलावरून उठणारही नाहीत. घरच्यांच्या सहीवर बाई तयार नव्हत्या. त्यांना भाऊजींचा स्वतःचा शब्द हवा होता. ताईने महिनाभर नवऱ्याची मनधरणी केली होती, आणि भाऊजींनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं.

आमच्या धंद्यातली एक खोड इथे सांगायला हवी. भंगारात जाणारं मशीन हाती आलं की मी आधी त्यातल्या लायब्ररी फाईली काढून घेतो. गॅरेजवाले जुन्या गाडीचे सुटे भाग काढून ठेवतात, तसं. माझ्या पेनड्राईव्हवर अशी साठ-सत्तर मशिनं आहेत, गिऱ्हाइकांच्या नावाने नव्हे तर ओळखीने: 'शिंपीणबाई', 'दातांचे डॉक्टर', 'दुसरा मजला'. कुठली फाईल कुणाकडून आली, कधीची, आकार जुळतो का, हे तपासावं असा नियम आहे. मी तपासत नाही. चालली की चालली.

हवी ती फाईल एकाच फोल्डरमध्ये मिळाली. फोल्डरचं नाव 'काका'. हे कुठले काका, काही केल्या आठवेना. मी फाईल जागेवर टाकली आणि प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात सुरू झाला.

"घ्या," मी म्हटलं. "बोला आता काय बोलायचं ते."

भाऊजींनी टाईप केलं: पाणी.

"पाणी," काँप्युटर म्हणाला.

ताईने सुटकेचा श्वास सोडला. पाणी आणता आणता म्हणाली, "आवाज बदललास का रे? जरा जड वाटतोय."

"स्पीकरवर धूळ असेल," मी म्हटलं. स्पीकर मी पुसून पाहिला. धूळ नव्हती.

पाणी पिऊन झाल्यावर भाऊजींनी टाईप केलं: खिडकी.

"खिडकी लावून घे, वारा लागतोय," काँप्युटर म्हणाला.

मी पडद्याकडे पाहिलं. तिथे एकच शब्द होता. काही प्रोग्रॅम पुढचे शब्द स्वतःच सुचवतात, पण या म्हाताऱ्या प्रोग्रॅममध्ये तशी सोयच नाही. मी सगळ्या सेटिंग उघडून पाहिल्या. बाहेर वारा नव्हता, पडदे हलतही नव्हते. तरी ताईने खिडकी लावली.

भाऊजी बराच वेळ स्पीकरकडे बघत राहिले. मग त्यांचं बोट एकेका अक्षरावर गेलं. हे कोण.

"आता बरं वाटतंय," काँप्युटर म्हणाला.

ताई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिला पडदा दिसत नव्हता. तिने पदर डोळ्यांना लावला. "वर्षभरात पहिल्यांदा म्हणालात हो असं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हलका झाला की मला पुढे काही सांगवेना.

मी भाऊजींची खुर्ची बाजूला घेतली आणि स्वतः टाईप केलं. एक दोन तीन. काँप्युटर म्हणाला, एक दोन तीन. वर्तमानपत्रातला अख्खा परिच्छेद टाईप केला, तोही त्याने अक्षर न चुकवता वाचला. दहा वेळा तपासलं, दहाही वेळा बरोबर. यंत्र बिघडलं असतं तर ते माझ्या हातालाही बिघडलेलंच हवं होतं.

"ताई, ही फाईल मी काढतो," मी म्हटलं. "यात काहीतरी गडबड आहे."

"पावणेचार वाजलेत! काढलीस तर बोलणार कशाने?"

तेवढ्यात बेल वाजली.

सर्जनबाई नेमकं बोलणाऱ्या होत्या. चहा नको म्हणाल्या, खुर्ची ओढून भाऊजींच्या समोर बसल्या. पडद्याची पाठ त्यांच्याकडे होती. ताई आणि मी भाऊजींच्या मागे उभे होतो, आम्हा दोघांना पडदा स्वच्छ दिसत होता.

बाईंनी धोके एकेक करून सांगितले. कुठलाच गोड करून सांगितला नाही. शेवटी म्हणाल्या, "तुमचं तुम्ही सांगा. ऑपरेशन करायचं?"

भाऊजींचं बोट उचललं गेलं. ते कापत नव्हतं.

नाही.

"हो," काँप्युटर म्हणाला.

भाऊजींनी मान हलवली. ती आडवी हलली, पण त्यांच्या मानेवरचा भरवसा बाईंनी कधीच सोडला होता.

"पुन्हा विचारते. विचारावंच लागतं," त्या म्हणाल्या. "नीट समजून सांगताय ना?"

नाही. मी नाही.

"हो. हा माझा निर्णय आहे. बायकोवर सोडू नका."

तो आवाज आता शांत होता. समजूतदार. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा असतो तसा.

मी ताईकडे पाहिलं. ती पडदाच वाचत होती.

नाही नाही नाही.

शेवटचं बटण दाबायच्या आत ताई पुढे झाली. "दमलेत ते," ती म्हणाली, आणि कीबोर्ड हलकेच बाजूला सरकवला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काचेची बरणी फोडल्यावर आईसमोर उभी असताना पाहिलं होतं, तसंच.

मी तोंड उघडायला हवं होतं. मला भाऊजी जगायला हवे होते, आणि ताई एकटी पडायला नको होती, आणि मी गप्प राहिलो. आजही त्याची लाज वाटते.

बाई गेल्यावर भाऊजींनी कीबोर्डला हात लावला नाही. त्या दिवशीही नाही, पुढचे तीन दिवसही नाही. मी फाईलचा विषय काढला तर ताई म्हणाली, "ऑपरेशन होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे."

बुधवारी सकाळी इस्पितळात भाऊजींना ऑपरेशनसाठी आत नेलं. मी ताईकडून घराची किल्ली घेतली, शर्ट आणायचं निमित्त काढून. रिकाम्या घरात काँप्युटर चालू केला आणि ती फाईल पुसली. पेनड्राईव्हवरचा 'काका' फोल्डरही पुसला. प्रोग्रॅम पुन्हा उघडून पाहिला. फाईल सापडत नाही, असा संदेश आला. तो वाचून आयुष्यात पहिल्यांदा मला इतकं बरं वाटलं.

ऑपरेशन सुरळीत पार पडलं. मधे मला तापाने घेरलं, म्हणून थेट नवव्या दिवशीच मी त्यांना भेटायला इस्पितळात गेलो. जिन्यातच नर्स म्हणाली, "तुमचे भाऊजी काय गप्पा मारतात हो! सगळ्या वॉर्डाला हसवतात."

ते उशांना टेकून बसले होते. ताई शेजारी संत्रं सोलत होती.

"ये, बस," भाऊजी म्हणाले. "आता बरं वाटतंय."

शब्द स्वच्छ होते. पण डेपोतला तो आवाज मी वीस वर्षं ऐकला होता, आणि हा तो नव्हता. हा जरा जड होता.

"ऐकलंस ना?" ताई म्हणाली. "आणि किती गोड बोलतात रे हल्ली. माझं सगळं ऐकतात."

"ऐकायलाच हवं," भाऊजी म्हणाले. ओठ हसत होते. डोळे मात्र माझ्यावरून हलत नव्हते, आणि त्यांच्या कडांना पाणी होतं.

चादरीवर त्यांचं डावं बोट हलत होतं. जरा डावीकडे, वर, मग दूर उजवीकडे.

"नस उडते," ताई म्हणाली. "दिवसभर चालतं. डॉक्टर म्हणतात, थांबेल हळूहळू."

ते कागद मी चिकटवले होते. कुठलं अक्षर कुठे आहे, मला झोपेतही सांगता येईल. क. काना. ढ. पुन्हा क. काना. ढ.

काढ.

काढ.

भाऊजी ताईला वॉर्डातला काहीतरी किस्सा सांगत होते. ताई खळखळून हसली, संत्र्याची फोड त्यांच्या तोंडात घातली, आणि हसता हसताच आपला हात त्या बोटावर ठेवून ते गादीत दाबून धरलं.