वासुदेव मास्तरांचं आउग्सबुर्ग

नचिकेत, तो मोबाइल उलटा ठेव बरं. आणि संहिता, मध्ये खीखी करायचं नाही. ही काही कुठे वाचलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो शरदचंद्र आमच्याच चाळीत, चार दारं सोडून राहायचा.

तो मिलच्या रिंग-खात्यात, म्हणजे सूत कातायच्या मशिनींवर, फिटर, मी टाइम ऑफिसात. मिल एक्याण्णवला बंद पडली. नंतरच्या चार वर्षांत त्यानं काय नाही केलं? सराफ्यातल्या खाऊच्या गाडीवर रात्री भुट्ट्याचा कीस ढवळला, टेंपो चालवला, लग्नाच्या मांडवात खुर्च्या उचलल्या. माणूस कामानं थकत नाही रे, आपलं काम गेलं की थकतो. मीही थकलोच होतो, पण माझं सोडा.

मग पीथमपुरात एक जर्मन कंपनी आली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शरदला तिथून इंटरव्ह्यूचं पत्र आलं. बुधवारी सकाळी नऊ वाजता, हत्यारं स्वतःची आणायची. त्याच्या बायकोनं, बेबीवहिनींनी, शर्टाला दोनदा इस्त्री केली. यानंतर दुसरं पत्र येणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

हत्यारांची पेटी मात्र मिलमध्येच, त्याच्या लॉकरमध्ये राहिलेली. म्हणून मंगळवारी, चौदा नोव्हेंबर पंच्याण्णवला, रात्री पावणेदहाला तो फाटकावर गेला. चौकीदार मालोजी आपल्यातलाच. त्यानं कंदील दिला. म्हणाला, "जल्दी या भिया. साहेब लोकांना कळलं ना, तर माझी पण छुट्टी."

आता एक सांगतो, ते नीट ऐका. चालू मिलमध्ये रिंग-खात्यात इतका खडखडाट, की कानाशी ओरडलं तरी पत्ता लागत नसे. म्हणून तिथली माणसं बोलताना आवाजच काढत नसत. नुसते ओठ हलवायचे. समोरच्यानं ओठ वाचायचे. वीस-पंचवीस वर्षं हेच केल्यावर माणसाला ते वेगळं असं वाटतच नाही.

खातं रिकामं होतं. मशिनी भंगारात गेलेल्या. फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोन तेवढे उरलेले. शरदनं लॉकर उघडलं, पेटी घेतली, वळला. तर पलीकडच्या टोकाला, खिडकीखाली स्टुलावर वासुदेव मास्तर बसलेले.

मास्तर म्हणजे आमच्या रिंग-खात्याचे मुख्य. त्यांना मिलनं चौसष्ट साली सहा महिने जर्मनीला धाडलं होतं, आउग्सबुर्ग नावाच्या गावी, मशिनी शिकायला. रात्रपाळीला कोणी पेंगायला लागलं की ते त्याला समोर उभं करून ते गाव सांगायचे. मग म्हणायचे, आता तू म्हण. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

शरदला पाहून मास्तरांनी बोटानं खूण केली. तो समोर जाऊन उभा राहिला. सवय. मास्तरांचे ओठ हलू लागले, शरद वाचू लागला.

दोन हजार वर्षांचं गाव, शरद. रोमन लोकांनी वसवलेलं. गल्लीगल्लीतून कालवे. कालव्यांच्या काठी सूतगिरण्या. टाउन हॉलवर कांद्यासारखे दोन घुमट. लढाईत बाँब पडले, जळून गेला. लोकांनी तसाच पुन्हा बांधला. शेजारी घंटेचा मनोरा. खाली गरिबांची वस्ती, चारशे वर्षांहून जुनी. पिवळी घरं. ज्या व्यापाऱ्यानं बांधली, त्याच्या आत्म्यासाठी तिथल्या माणसांनी रोज तीनदा प्रार्थना म्हणायची. प्रत्येक दाराला घंटेची मूठ वेगळी... अंधारात हातानं चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून.

इथपर्यंत नेहमीचंच. मग मास्तर थांबले.

गिरण्या तिकडेही बंद पडल्या रे...

शरदला वाईट वाटलं. मास्तर फार दमलेले दिसत होते. त्यांनी मान वर केली.

आता तू म्हण.

शरद म्हणू लागला. दोन हजार वर्षांचं गाव. कालवे. घुमट. मनोरा. पिवळी घरं. रात्री दहाला वस्तीचं फाटक बंद. मग बाहेरचा बाहेर... आतला आत...

आणि तो थांबला.

खडखडाट नव्हता.

चार वर्षं नव्हता. कंदिलाची सूंसूं ऐकू येत होती. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मास्तर मात्र... इतका वेळ...

तेव्हा त्याला आठवलं. मास्तरांना खांदा त्यानंच दिला होता. दोन वर्षांपूर्वी.

त्यानं मालोजीला हाक मारली.

ओठ हलले.

पुन्हा मारली.

काही नाही...

पेटी घेऊन तो पळत कसा आला, त्याचं त्यालाच माहीत नाही. घरी आला तो मुका. बेबीवहिनींनी हळद-दूध दिलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. पहाटे मला बोलावलं. "भाऊजी, आजच असं व्हायचं होतं का हो?" मी त्याची पेटी उचलली. तसाच त्याला बसमध्ये बसवला.

हाताचं काम त्यानं चोख करून दाखवलं. मग साहेबासमोर नेलं. साहेब जर्मन, पिकलेला, निवृत्तीला आलेला. दुभाष्यानं हिंदीत विचारलं, इथे काम का करायचं आहे? शरदनं घसा ताणला. आवाज नाही. आणि ओठ आपसूक हलायला लागले. तोंडात एकच गोष्ट शिल्लक होती, तीच सुरू झाली. दोन हजार वर्षांचं गाव...

दुभाष्या वैतागला. "अरे, ज़रा ज़ोर से बोलो." साहेबानं हात वर करून त्यालाच गप्प केलं. शेवटपर्यंत शरदकडे बघत राहिला. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि नुसती मान हलवली.

संपलं सगळं, असं धरून शरद घरी आला. भिंतीकडे तोंड करून निजला. तिसऱ्या दिवशी आवाज परत आला. आठव्या दिवशी नोकरीचं पत्र आलं.

बारा वर्षं केली त्यानं तिथे. कमी शिकलेला माणूस, जर्मनचा एक शब्द त्याला शेवटपर्यंत आला नाही. माझा भाचा देवेंद्र त्याच कंपनीच्या ऑफिसात होता. शरद रिटायर झाला तेव्हा त्याची जुनी फाइल निघाली. इंटरव्ह्यूच्या कागदावर साहेबानं स्वतःच्या हातानं, त्याच्या भाषेत दोन ओळी लिहिलेल्या. देवेंद्रनं त्यांचा अर्थ काढून आणला.

हाताला पक्का आहे. जर्मन आमच्या आउग्सबुर्गच्या माणसासारखं बोलतो, आवाज मात्र फार थकलेल्या म्हाताऱ्याचा.