डाव्या हाताची खुर्ची

सुतारांच्या कारखान्यात पाऊल टाकताक्षणी कंपाउंडरांनी गुन्हेगार ओळखला. दवाखान्यातून ते निवृत्त झाले होते, पण नुसत्या चेहऱ्यावरून निदान करायची सवय सुटली नव्हती. आजवरची बहुतेक निदानं चुकली होती. त्याचा त्यांनी कधी बाऊ केला नाही.

"धाकटा भाऊ," ते बाईंच्या कानात पुटपुटले. "मान बघा कशी खाली घातलीय."

"रंधा मारतोय तो, कंपाउंडर. मान वर करून मारला तर बोटं जातील."

खासगी तपास हा बाईंचा धंदा आणि कंपाउंडरांना आवरणं हा जोडधंदा.

थोरला सुतार तावातावानं सांगू लागला. कुणीतरी त्यांच्या खुर्चीचा फोटो लावून वेबसाइट थाटली होती. निम्मी किंमत. लोक पैसे भरत, खुर्ची येत नसे. नक्षी ओळखून मग भांडायला याच दारात.

"फोटो काढला यानं," त्यानं धाकट्याकडे बोट केलं. "आता एका छपराखाली जमायचं नाही. उद्या वाटण्या!"

"काढला, दादा. खुर्ची घेणाऱ्या मुख्याध्यापिकांना पाठवला. आणखी कुणालाच नाही."

"खुर्ची कधीची?" बाईंनी विचारलं.

"गेल्या महिन्यातली. या नमुन्याची पहिलीच. दुसरी अजून झालीच नाही."

तेवढ्यात चित्रकलेचे एक मास्तर धापा टाकत आले. त्यांनी सकाळीच पैसे भरले होते. आता त्या दुकानाचा फोन लागत नव्हता.

"मी डावखुरा हो! लिहायची फळी डावीकडे असलेली खुर्ची जन्मात पहिल्यांदा दिसली. त्यात 'दहा मिनिटांत सवलत बंद' म्हणून घड्याळ पळत होतं. विचार करायला सवड कुठे होती?"

"भांडण नंतर. आधी बँकेला फोन लावा," बाई म्हणाल्या.

मास्तर फोन घेऊन बाहेर धावले. बाईंनी मोबाइलवर ती साइट उघडली आणि स्टुलावर स्वस्थ बसून राहिल्या. दहा मिनिटं सरली. घड्याळ पुन्हा दहापासून पळू लागलं. खाली एकाचा अभिप्राय होता: 'तीन वर्षं वापरतोय, अजून करकरत नाही.'

मग बाई आणि कंपाउंडर खुर्ची घेणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकांकडे गेले. खुर्ची खिडकीपाशी होती. उजवीकडच्या फळीवर पत्र अर्धवट लिहून ठेवलेलं.

"फोटो? मीच टाकला इंटरनेटवर. पोरांचं कौतुक नको करायला?"

"कटात सामील!" कंपाउंडर कुजबुजले. मुख्याध्यापिकांचे कान तिखट होते. पुढचा अर्धा तास कंपाउंडर उभेच राहिले.

कारखान्यात परतल्यावर बाईंनी थोरल्यापुढे मोबाइल धरला.

"तुमच्या खुर्चीची फळी कुठल्या हाताला?"

"उजव्या."

"आणि इथे?"

थोरल्यानं डोळे बारीक केले. "डाव्या! अहो, अशी आम्ही केलीच नाही."

"फोटो आरशातल्यासारखा उलटा केलाय. का? तुम्हाला चकवायला? तुम्ही तर नक्षीवरूनच ओळखलीत. उलट्या फोटोनं भाऊ फसत नाही. चोरीचे फोटो हुडकून देणारं यंत्र फसतं. म्हणजे हा कुणीतरी परका, इंटरनेटवरून उचलणारा. शिवाय घरच्या माणसानं महिन्याभराच्या खुर्चीला तीन वर्षं वापरलेलं गिऱ्हाईक जोडलं असतं का? अभिप्राय बनावट, घड्याळ बनावट. घाई कराल तर फसाल, एवढाच त्यांचा धंदा. सायबर पोलिसांत तक्रार करू; साइट बंद होईल."

मास्तर हसत आत आले. पैसे वाटेतच अडवले होते. बँकेतल्या मुलीनं 'लगेच कळवलंत म्हणून' असं दोनदा बजावलं होतं.

थोरला बराच वेळ हातातली पटाशी पुसत राहिला. ती स्वच्छच होती.

"आपली खरी साइट काढ," तो शेवटी धाकट्याला म्हणाला. "फोटो तूच काढ."

"मालक म्हणून नाव कुणाचं?"

"दोघांचं. तुझं आधी."

धाकट्यानं रंधा खाली ठेवला. "हे सगळं 'चुकलं' म्हणायचं टाळण्यासाठी?"

"मग काय म्हणू?"

"चुकलं म्हण. आणि नावही आधी ठेव."